गरिबाच्या मुठीची कोठी

मित्रांनो, गंजलेली दिसते म्हणून मला भंगार समजू नका. मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे, आणि एके काळी माझ्याशिवाय गावाचा रविवार होत नसे.

भाईंदरच्या बाजारात गुणवंत नावाच्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले. तिथून मी उत्तनच्या पलीकडे, समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात आले, ती थेट चर्चच्या पडवीत. त्या गावात बाया भाताला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढत. तिला गरिबाची मूठ म्हणत. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, येताना ती माझ्यात ओतत. जाडा, बारीक, कुणाची नुसती कणी. माझ्या पोटात सगळे एक होई. ज्याची होडी बुडाली, ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळले, त्याने यावे आणि लागेल तेवढे न्यावे. फादर येता-जाता माझ्यावर थाप मारून म्हणत, "ही आमची श्रीमंती!" मी बाई अशी फुगायचे!

मग कुणीतरी म्हणाले, भलतेच लोक नेतात. झाले! मला कडी बसली, कुलूप लागले आणि किल्ली कतरिनबायच्या कमरेला गेली. कतरिनबाय गावातली मानाची बाई, दोन होड्यांची मालकीण. तिने गरजूंची यादी केली. यादीत नाव असेल त्यालाच तांदूळ. खोटे कशाला बोलू, मलाही ते आवडले. आता मी सदा भरलेली असे, आणि भरलेले असणे म्हणजेच मोठेपण असे मला वाटे.

त्र्याण्णव साली लातूरकडे भूकंप झाला. माणसे झोपेतच गाडली गेली. फादरांनी सांगितले, एका रविवारी तांदूळ देवापुढे अर्पण करू आणि ट्रकने तिकडे पाठवू. गावाने हात आखडला नाही. मी गळ्यापर्यंत भरले.

त्या रविवारच्या आधी, गुरुवारी, चंपाबाई आली. ती बंदरावर मासळीच्या पाट्या वाहायची. मूळची लातूरकडची. तिची बहीण भूकंपात गेली होती. बहिणीच्या दोन पोरींना चंपाबाईचा नवरा घेऊन आला होता. धाकटी नीलम तिच्या पदराला धरून उभी होती.

"बाई, चार दिस कामाला गेले न्हाई. पोरी एकट्या ऱ्हात न्हाईत, भिताडाला भ्यात्यात. दोन शेर तांदूळ द्या."

"यादीत नाव हाय?" कतरिनबायने विचारले.

"न्हाई."

"मंग? आनि आता सगला भूकंपवाल्यांचा हाय. रविवारी ट्रक जानार."

"अवो, आमीच की भूकंपवाले! पायानं चालत आलो म्हून बाद झालो व्हय?"

"तोंड लय चालते तुजा. तिकडं वाटप होल, तवा ने."

"दोन शेर तांदळासाठी लातूरला जाऊ?"

कतरिनबायने किल्ली कमरेत खोचली आणि ती निघून गेली. नीलमने माझ्या पत्र्यावर हात ठेवला होता. भूक इतकी जवळ उभी होती, आणि माझे झाकण घट्ट होते.

रविवारी अर्पणाची वेळ झाली. कतरिनबायच्या दोन मुलांनी मला दाराशी उचलले. पुढे ती, नवे लुगडे नेसून, हातात मेणबत्ती घेऊन. गाणे सुरू झाले. माझ्या तळाला गंजाने भोक पडले होते. उचलल्याबरोबर त्यातून दाणे गळू लागले. मी मुद्दाम केले नाही, उगाच माझी स्तुती नको.

मागे खसखस पिकली. कतरिनबाय रागाने वळली. दारातून आत आलेली नीलम गुडघ्यांवर रांगत एकेक दाणा फ्रॉकमध्ये वेचत होती. एक तिने तोंडात टाकला. कच्चाच.

हसणे थांबले. गाणेही थांबले. वेदी दहा पावलांवर होती.

"बगता काय रे?" कतरिनबाय मुलांवर खेकसली. "फिरवा ही कोठी. मागारी!"

"आये, फादर थांबलेत."

"थांबू दे. देव पन थांबल."

मुलांनी मला परत दाराशी आणून ठेवले. तिथे चंपाबाई उभी होती. कतरिनबायने कुलूप काढले. "धर पदर."

चंपाबाई हलली नाही. "यादीत नाव न्हाई माजं."

"मेली ती यादी! चुकला माजा. धर गो."

तेव्हा कुठे पदर पसरला. कतरिनबाय ओतत राहिली, ओतत राहिली. शेवटी चंपाबाईनेच तिचा हात धरला. "बास. कामाला लागंपतूर पुरंल. बाकी ट्रकात घाला. तिकडं माजं अख्खं गाव उघड्यावर हाय."

ट्रक गेला. माझे कुलूप पुन्हा लागले नाही. लोक अजून त्या रविवारची गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र कौतुक गोड लागत नाही. गुरुवार ते रविवार चंपाबाईच्या खोपटात काय शिजले, हे मला ठाऊक नाही, आणि विचारायला मला तोंड नाही.

मित्रांनो, द्यायचे ठरवले असेल तर मुहूर्त बघू नका, यादी बघू नका, दारात कोण उभे आहे ते बघा. गुरुवारची भूक रविवारच्या तांदळाने भागत नाही.