रेघा माझ्या नव्हत्या

मी डिटेक्टर बोलतोय. सीटी स्कॅनच्या यंत्रात बसून माणसाच्या आरपार आलेले किरण झेलणारा. सध्या पायसांदू शहरातल्या एका खासगी दवाखान्याच्या मागच्या अंगणात, मोडक्या खाटांशेजारी, यंत्रासकट पडलोय. सोमवारी भंगारवाला येणार आहे. तोवर कडू बोललो तर बोललो. गोड बोलावं असं माझ्याशी कुणी वागलेलं नाही.

काम माझं सरळ होतं. किरण अंगावर घ्यायचा, त्याचा उजेड करायचा, उजेडाची वीज करायची, त्यातून पडद्यावर चित्र. या उलाढालीत बारीकसारीक काही सांडायचं, कबूल. पण डोक्यातला रक्तस्राव माझ्या नजरेतून कधी सुटला नाही.

मग नवा आला. तो म्हणे उजेडाच्या भानगडीत पडतच नाही, किरणाचा कण न् कण थेट मोजतो. डॉक्टर इतुर्बुरू त्याच्यावर असे लट्टू झाले, की मला ते सरळ ‘आंधळा’ म्हणू लागले.

“आंधळा कशाला, डॉक्टर?” मला चालवणारी निबिया फणकारली. “इतकी वर्षं याच्याच डोळ्यांनी बघत होतात ना?”

“एवढा पुळका असेल तर लग्न कर त्याच्याशी!”

निबिया सान एलोयची. त्या गावात स्कॅनर नाही. डोक्याला मार लागलेला माणूस इथवर येईतो रस्त्यातच संपतो. निबियाचा भाऊ तसाच गेला. म्हणून तिथल्या डॉक्टर पेर्दोमोबाईंनी मला मागितलं. संचालकांनी अट घातली: दोघांच्या चित्रांची तुलना करा. जुन्याचं चित्र कामापुरतं ठरलं तर तो सान एलोयला, नाहीतर भंगारात.

परीक्षेला खाटकाकडून बैलाच्या बरगड्या आणल्या, रविवारी इथं घरोघरी निखाऱ्यावर चढतात तसल्याच, आणि पाण्याच्या टबात बुडवल्या. आधी पाळी माझी.

निबियाच्या काखेत थर्मास, हातात येर्बा नावाच्या पाल्याच्या कडू चहाचा, पेल्यासारखा कोरलेला सुका भोपळा, भोपळ्यात चहा ओढायची धातूची नळी. इथली माणसं मयतालासुद्धा तो भोपळा घेऊन जातात. टब नीट ठेवायला तिला दोन्ही हात हवे होते, म्हणून तिनं भोपळा यंत्राच्या सरकत्या पाटावरच टबामागे टेकवला आणि दार लावून बाहेर गेली. पाट सरकला. बरगड्यांबरोबर ती नळीही आत आली. धातू मध्ये आला की किरण अडतात आणि चित्रभर रेघा उठतात. मला तोंड असतं तर दवाखाना डोक्यावर घेतला असता. नव्याच्या पाळीला भोपळा पुन्हा तिच्या हातात होता.

पडद्यावर फक्त बरगड्यांपुरतं चित्र घेतलं. नळी चौकटीबाहेर राहिली, रेघा तेवढ्या दिसल्या.

“झेब्रा कापून आणलात की काय?” इतुर्बुरू खो खो हसले. “पेर्दोमोबाई, हा कचरा नेणार तुम्ही?”

“परवापर्यंत याच कचऱ्यावर निदान करत होतात, लाज नाही वाटली?” बाई कडाडल्या. मग निबियाकडे वळल्या. “तू तरी सांग गं. याआधी असं कधी झालं होतं?”

निबियानं हातातल्या भोपळ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. स्कॅनच्या खोलीत खाणंपिणं नेलं की नोकरी जाते, हेही तिला ठाऊक होतं.

“जुना झालाय, बाई,” ती म्हणाली.

नव्याच्या चित्रात हाडातली बारीक जाळीसुद्धा दिसत होती. पाहून माझा जळफळाट झाला. तो माझ्याहून सरस आहे, असेना का! पण कामापुरता मी होतो. मला भंगारात त्यानं घातलं नाही, आणि इतुर्बुरूंनीही नाही.

आता रोज दुपारी निबिया अंगणात येते, खाटेवर टेकते, तीच नळी ओढते आणि मुसमुसते. आज माझ्या पत्र्यावर हात ठेवून “माफ कर” म्हणाली.

नाही करणार. आणि माझी माफी घेऊन करणार काय तू, निबिया? मी यंत्र, आज ना उद्या वितळायचोच. पण सान एलोयच्या रस्त्यावर पुन्हा कुणाचा तरी भाऊ निघेल. भंगारवाला अजून आलेला नाही. डोळे पूस. तो भोपळा नळीसकट घे, वर जा, आणि इतुर्बुरूंच्या टेबलावर ठेव.