बारा शब्द

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि बराच वेळ गरगरत राहिलं. मग दादानं ते उचललं, सदऱ्याला पुसलं आणि डब्यावर बसवलं.

"चल, म्हण," ठमी म्हणाली. तिला ठमी म्हणणारा जगात एवढा एक दादाच उरला होता.

"कंदील, साबण, मेंढी, पूल, जिना, सुई, ढग, चावी..."

दादा अडला.

"टो..." ठमीची पाच वर्षांची लेक ढबी कुजबुजली.

"टोपली, घोडा, नदी, आरसा."

"कॉपी! मामानं कॉपी केली!"

"मास्तरीणबाईच फोडतात पेपर, मी काय करू?" दादा म्हणाला. ठमीला हसू यायला हवं होतं. तिनं पोळी उलटली.

दादाला स्किझोफ्रेनिया होऊन चौदा वर्षं झाली होती. कानातले आवाज गोळ्यांनी कधीच दबले, पण त्यांच्याबरोबर बाकीचंही बरंच गेलं. एके काळी तो शिंप्याच्या दुकानात कटिंग करायचा. माणूस दारातून आत आला की टेप न लावता छातीचं माप सांगायचा. आता त्याला एका दमात दोन कामं सांगितली, की पहिलं वाटेतच सांडायचं.

हॉस्पिटलच्या शिवणखात्यात एक जागा निघाली होती. चादरी शिवायच्या, तिथंच राहायचं, स्वतःची कॉट, दोन वेळचं जेवण. पण त्यासाठी आधी टेस्ट. टेस्टच्या बाई बारा शब्द वाचत, ते ऐकून म्हणून दाखवायचे. गेल्या वर्षी दादाला चार आले होते. दोन बस बदलून, उपाशीपोटी, तो थेट आपल्या खोलीवरून आला होता. त्या पत्र्याच्या खोलीत सहा जण पाळीपाळीनं झोपत. दादा उठायच्या आत त्याच्या गादीवर दुसरा येऊन बसायचा. दिवस दिवस त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. बोललंच तर "सरक" एवढंच.

ठमी त्या दिवशी शेजारीच बसली होती. औषधाच्या चिठ्ठीमागं तिनं बाराच्या बारा शब्द उतरवून घेतले होते. यंदा नवरा बारा दिवस ट्रक घेऊन बाहेर गेला, तशी तिनं दादाला घरी आणलं आणि त्याच्याकडून ते घोकून घेतले. रोज एक. शाळेत पाढे बदलत नाहीत, तसे हेही बदलणार नाहीत, असं तिनं धरूनच चाललं होतं.

दादा रात्री सलग झोपला. गोळी वेळेवर, जेवण गरम, कानाशी ढबीची अखंड टकळी. आठव्या दिवशी त्यानं न सांगता ढबीच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवली. दहाव्या दिवशी, कुणी विचारलं नसताना, दूध संपल्याचं सांगितलं.

टेस्टच्या दिवशी बाईंनी कागद पुढ्यात घेतला आणि वाचलं, "झाड, पेटी, वाळू, कोंबडा..."

हे ते शब्द नव्हते.

बाईंचं वाचून झालं. दादा ताठ बसला आणि त्यानं न अडखळता म्हटलं, "कंदील, साबण, मेंढी, पूल, जिना, सुई, ढग, चावी, टोपली, घोडा, नदी, आरसा." मग त्यानं ठमीकडं पाहिलं. शाबासकीसाठी.

"काका, यातला एकही मी वाचला नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा वाचते हं."

दुसऱ्यांदा त्याला पेटी आली, तिच्यामागं साबण आला, मग काहीच नाही. तिसऱ्यांदा तो नुसताच टेबलाची कड चाचपत राहिला.

"बाई, माझी चूक आहे," ठमी म्हणाली. "गेल्या वर्षीचे मी पाठ करून घेतले. बारा दिवसांत केले त्यानं. बाराच्या बारा."

बाईंचं पेन थांबलं. "बारा दिवस? कुठं होते हे?"

"माझ्याकडे."

"आणि इथून कुठं जाणार?"

"खोलीवर. आमचे मालक उद्या परत येतात. आमचीही एकच खोली आहे."

बाईंनी पुन्हा कागदावर पेन टेकवलं. "तुम्ही म्हणता ते मला पटतंय. पण मला आज इथं जे ऐकू आलं, तेच लिहावं लागतं. सहा महिन्यांनी पुन्हा या."

बसमध्ये दादानं विचारलं, "ठमे, माझं चुकलं का?"

"नाही रे. माझं."

"मग बाईंना सांग ना तसं."

"सांगितलं."

तो मान हलवून बाहेर पाहू लागला. ठमीही पाहत राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. कुणीतरी आतला दिवा बंद करून निघून गेल्यासारखं झालं होतं.

घरी आल्यावर तिनं दादाचे दोन सदरे, टॉवेल, गोळ्यांची पुडी पिशवीत भरली. शेजारणीकडून परत आलेली ढबी पिशवीचा एक बंद धरून उभी राहिली.

"मामा पास झाला?"

"नाही गं."

"पण त्याला इथं सगळं येतं." ढबीनं बंद सोडला नाही. "इथं येतं आणि बाहेर येत नाही, तर मग तू त्याला बाहेर का पाठवतेस?"

ठमीनं पिशवीला गाठ मारली. मग सोडली. मग पुन्हा मारली.