बेचाळिसावा प्रश्न

संस्थेत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे बेचाळीसबाई. तिला हे माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

संस्था तशी लहानशीच. पत्र्याचं छप्पर, दोन ओळींत पिंजरे, दवाखान्याची एक खोली आणि एक फोन, जो ठेवला की वाजायचा. कुणी कुत्र्याच्या अंगावर उकळतं पाणी टाकलं, कुणी मांजर गोणीत बांधून टाकून दिलं, की संस्थेची गाडी निघायची. आणलेला जीव बरा झाला की त्याला घर शोधायचं. आणि घर शोधायचं म्हणजे त्या घराला आधी ताईच्या बेचाळीस प्रश्नांतून बाहेर पडता यायला हवं. हे प्रश्न तिनं वीस वर्षांत एकेका फसलेल्या घरावरून बनवले होते. फिनेल कुठे ठेवता, गच्चीचं दार कोण लावतं, पाहुण्यांना कुत्र्याचं वावडं निघालं तर आधी कुणाला बाहेर काढाल. अकरावा प्रश्न नवरा-बायकोचं पटतं का, आणि तो दोघांना वेगवेगळ्या खोलीत विचारायचा. चार फुल्यांपर्यंत माफी. पाचवी पडली की घर नापास, मग दारात मंत्री उभा असो की मंत्र्याची आई.

अशा बाईचा जीव लाटसाहेबावर जडला.

लाटसाहेब म्हणजे अडतीस किलोंचा, ठार बहिरा, मागच्या पायांनी अधू, म्हातारा कुत्रा. चार वर्षं संस्थेत होता. लोक यायचे, त्याच्याकडे बघून हळहळायचे आणि शेजारचं पिल्लू घेऊन जायचे. तो झोपला की असा घोरायचा की फोनवरचा माणूस विचारायचा, तुमच्याकडे काही यंत्र चालू आहे का. डॉक्टरांनी एक दिवस त्याची छाती तपासली आणि म्हणाले, याच्याकडे दोनेक वर्षं आहेत, ती तरी पिंजऱ्याबाहेर जावीत. ताई त्या दिवशी घरी गेली आणि तिनं जेवता जेवता जाहीर केलं की तो आपल्याकडे येणार. नवऱ्यानं घास खाली ठेवला. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, घरात माझ्याहून म्हातारं कुणीतरी असेल.

अडचण एकच होती. संस्थेच्या माणसांनाही सूट नाही, हा नियम ताईनंच लिहिला होता आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. म्हणजे तिचं घर तपासायला कुणीतरी जायला हवं. संस्थेतली निम्मी माणसं तिला घाबरत होती आणि उरलेल्यांना हसू आवरत नव्हतं. अध्यक्षबाईंनी शेवटी घड्याळकाकांना पाठवलं.

आता हे काका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे, एकाहत्तर वर्षांचे, एकटे. त्यांनी तीनदा मांजर मागितलं होतं आणि ताईनं तीनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर माणूस रागावून जातो. काका पुढच्याच गुरुवारी ब्रश घेऊन आले. मिळत नाही तर नाही, निदान अंगावरून हात तरी फिरवतो, म्हणाले. तेव्हापासून दर गुरुवारी यायचे.

तपासणीच्या आधीचे आठ दिवस ताईच्या घरात परीक्षेचे दिवस होते. नवऱ्यानं प्रत्येक खिडकीला जाळी ठोकली, मग उरली म्हणून जिथे खिडकी नव्हती तिथेही ठोकली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून कुत्र्याला उचलून नेण्याचा सराव त्यानं स्वतःच्या आईवर केला. दुसऱ्या मजल्यापर्यंत झेपलं. पुढे अर्धा तास दोघं मायलेक पायरीवर बसून होते, आणि वरखाली करणाऱ्या शेजाऱ्यांना सासूबाई गंभीर चेहऱ्यानं सांगत होत्या की मी कुत्रा आहे. शिवाय त्यांनी सगळी उत्तरं पाठ केली होती, पहिल्यापासून, ओळीनं.

काका सकाळी दहाला आले, चष्मा पुसला आणि सुरुवात मधूनच केली. घड्याळ मागून उघडायची सवय असलेला माणूस, त्याला पहिल्या पानाचं काय.

त्यांनी सासूबाईंना विचारलं, कुत्रा घरात एकटा किती वेळ राहील. सासूबाई ठामपणे म्हणाल्या, दिवसातून दोनदा, आणि उरलेलं झाकून फ्रिजमध्ये. काकांनी पुढचं विचारलं, घरात कुणाचा विरोध आहे का. सासूबाई म्हणाल्या, आहे, पण आम्ही तो पाण्यात पातळ करून वापरतो. नवरा पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

काका मात्र प्रत्येक उत्तरापुढे बरोबरची खूण करत चालले होते. भराभर, मान हलवत. या घराला पास करायचं असं ठरवूनच ते जिना चढले होते, हे कुणालाही दिसलं असतं. ताईनं ते पाच मिनिटं सहन केलं. सहाव्या मिनिटाला तिच्याच्यानं राहवेना. काका, ओट्याखालचं कपाट नाही बघितलंत तुम्ही. काका म्हणाले, असू दे गं. ती म्हणाली, असू दे कसं, आणि तिनं स्वतःच कपाट उघडलं. आत उंदरांच्या गोळ्या. पहिली फुली.

मग गॅलरीचा कठडा हलवून बघायला तिनंच लावलं. हलला. दुसरी. अकराव्या प्रश्नाला तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात ढकललं. पटतं का, या प्रश्नावर तो आतून म्हणाला की या आठवड्याआधी पटत होतं. काकांनी याला फुली कशी द्यायची असं विचारलं, तर ताईनं त्यांचा हात धरून दिली. चौथी जिन्यांची. सासूबाई डोक्याला हात लावून बसल्या. अगं, तू आमच्या बाजूची की त्यांच्या, एवढंच त्यांनी विचारलं.

राहिला बेचाळिसावा. तपासायला आलेल्यानं स्वतः उत्तर द्यायचा: तुमचा प्राणी तुम्ही या घरात आठवडाभर निर्धास्त सोडाल का?

काकांनी पेन खाली ठेवलं.

"हा मला लिहिता येत नाही. माझ्याकडे प्राणी नाही."

"समजा आहे," ताई म्हणाली.

"समजा चालणार नाही, असं कंसात लिहिलंय. अक्षर तुझंच आहे."

होतं खरं तिचंच. नवरा म्हणाला, काका, टाका हो एक खूण, कोण बघतंय. काकांनी ताईकडे बघितलं. बघणारी समोरच बसली होती.

आणि तेवढ्यात ताईच्या डोक्यात एक नको असलेली गोष्ट सुरू झाली. काकांना तिनं का नापास केलं होतं? पहिल्यांदा, त्यांच्या मागच्या खिडकीला जाळी नव्हती, मांजर रस्त्यावर उडी मारेल म्हणून. दुसऱ्यांदा जाळी होती, पण दुकानात त्रेचाळीस घड्याळं, दर तासाला एकदम वाजणारी. मांजर भेदरून मरेल. तिसऱ्यांदा तिनं विचारलं होतं, मांजर पंधरा वर्षं जगतं, तुमच्यामागे त्याचं कोण. त्यावर काका फक्त दाराशी चपला शोधत राहिले होते.

लाटसाहेबाला खिडकीपर्यंत उडी मारायची तर आधी मागच्या पायांवर उभं राहावं लागलं असतं. लाटसाहेबाला घड्याळं ऐकू आली नसती. आणि मागे कोण, हा प्रश्न लाटसाहेबानं आपल्या वयानं परस्पर मिटवला होता. दुकान तळमजल्यावर, मागेच राहायची खोली, दिवसभर माणूस टेबलाशी. आणि आपलं घर? तीन जिने, आणि आपण नऊ ते सहा दुसऱ्यांच्या कुत्र्यांपाशी.

तिला वाटलं, गप्प बसावं. कुणाला काय कळणार आहे. ती तब्बल एक मिनिट गप्प बसली. तिच्या मानानं हे फारच झालं.

"काका, तुम्ही दर वेळी मांजरच का मागितलंत?"

"खोली लहान. कुत्रा मागितला असता तर तू दारातूनच हाकललं असतंस."

"हाकललं असतं," ती म्हणाली. आणि मग नाक पुसून, "उठा. बारा वाजायच्या आत पोचायला हवं."

पुढच्या दीड तासात जे झालं त्याला तपासणी म्हणायचं की वरात, हे अध्यक्षबाईंना अजून ठरवता आलेलं नाही. आधी संस्थेत जाऊन कुत्र्याला तिथल्या गाडीत चढवलं. पुढे नवरा, मागे लाटसाहेब, त्याच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला घरच्याच कपड्यांतल्या सासूबाई. आठ दिवस मेहनत केली आहे, निकाल बघितल्याशिवाय मी राहणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. ताई फॉर्म छातीशी धरून बसली होती आणि आपण रडतोय की हसतोय हे तिला नीट कळत नव्हतं.

दुकानात लाटसाहेब एक फेरी मारून टेबलाखाली आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. बाराला दोन मिनिटं होती. सगळे भिंतींना टेकून उभे राहिले. काकांच्या कपाळावर घाम होता. इतक्या वर्षांत त्या खोलीत बाराची इतकी वाट कुणी पाहिली नसेल.

मग वाजलं. टोल, घंटा, शिट्ट्या, एक लाकडी पक्षी, एक बासरीवाला, सगळं एकदम. नवरा दचकून स्टुलावर आदळला. सासूबाईंनी दोन्ही कान दाबले आणि डोळेही मिटले. त्रेचाळीस घड्याळांनी मिळून बाराचा डंका पिटला, आणि तो संपल्यावर खोलीत एकच आवाज उरला, घोरण्याचा. त्यात खंडच पडला नव्हता.

पहिल्यांदा सासूबाईंना हसू फुटलं. मग कुणीच कुणाला आवरेना. काका हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले आणि तिथूनच ताईकडे हात केला, फॉर्मसाठी. आधी तिनं काकांच्या नावाचा नवा फॉर्म काढून त्यावर सही केली. लाटसाहेब काकांचा झाला. मग काकांनी तिच्या फॉर्मवर बेचाळिसाव्या प्रश्नापुढे सावकाश लिहिलं: सोडीन. येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता आणून सोडतो, दुकान बंद असतं.

"इथे सोडीन एवढंच लिहायचं असतं, काका. वार नाही, वेळ नाही."

"लिहिलं ते लिहिलं. आठला खालून हाक मारीन, चादर घेऊन दोघं उतरा. वर न्यायला झोळी करू."

म्हणजे ताई पास झाली, चार फुल्यांवर, काठावर, आणि ज्याच्यासाठी पास व्हायचं होतं तो कुत्रा देऊन टाकल्यानंतर. हा हिशोब तिनं दोनदा लावून पाहिला आणि सोडून दिला. गाडी संस्थेत परत न्यायची होती, फोन वाजत असणार होता. पण ती टेबलापाशी खाली बसली, आणि लाटसाहेबानं झोपेत आपलं जड डोकं तिच्या पायावर टाकलं. पाऊण वाजेपर्यंत पायाला मुंग्या आल्या तरी ती हलली नाही, आणि ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.