चुंबक न चिकटणारं विमान

मित्रांनो, विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. आता हे वाक्य मी बोललोच नाही असं समजा. व्यवहार पक्का होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नसतो, असं मला विकणारे मामा सांगतात. मामांवर माझा विश्वास नाही, पण न बोलण्याच्या बाबतीत त्यांचा अभ्यास दांडगा आहे. तेव्हा, मला अजून कोणीही विकत घेतलेलं नाही. मी शेडमध्ये उभा आहे आणि वाट बघतो आहे.

मी एक जुनं विमान आहे. चार माणसांचं, एका इंजिनाचं. एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांना रिव्हेट मारून मारून मला जोडलं. निघताना एका कारागिराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि "झकास झालंय" म्हणाला. मला भरून आलं. मग शेजारच्या विमानालाही तो तेच म्हणाला, आणि त्याच्या शेजारच्यालाही. कौतुकाबद्दलचा माझा संशय तिथून सुरू झाला.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. फार स्वच्छ माणूस. उडण्याआधी ते छोटा आरसा घेऊन इंजिनात डोकावायचे आणि दोन्ही वेळा नीट घासत जा, असं मेकॅनिकला बजावायचे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं ढगांच्या कडेकडेने हिंडायचो. ते सुखाचे दिवस होते, आणि म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटत नव्हता. एक दिवस त्यांच्या बायकोने विचारलं, मी हवी की विमान? डॉक्टरांनी विचार करायला थोडा वेळ मागितला. तिथेच सगळं बिघडलं. पुढच्या आठवड्यात मी एका उड्डाणशाळेच्या ताब्यात होतो.

उड्डाणशाळेत माझं फार नाव झालं. नवशिक्यांना हेच विमान द्या, हे सहन करतं, असं सगळे म्हणायचे. मित्रांनो, तुमच्याबद्दल कोणी असं म्हणू लागलं तर सावध व्हा. विद्यार्थी मला धावपट्टीवर उतरवायचे नाहीत, टाकायचे. तरी मी तक्रार केली नाही. माझ्यावर शिकलेली कितीतरी माणसं आज मोठी विमानं चालवतात आणि मला ओळख दाखवत नाहीत.

एकदा कोणीतरी इंधनाची गाडी मागे घेताना माझ्या शेपटीच्या डाव्या अंगावर घातली. पत्रा फाटला. शाळेच्या संचालकांना विमानाच्या कारागिराचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. त्यांनी लोखंडी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने फाटकाचाच एक तुकडा ठोकून बसवला, वर रंग मारला, आणि आता चोर आत शिरायचा नाही, अशी हमी दिली.

लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना खेटून राहिले की ॲल्युमिनियम कुजायला लागतं. त्या ठिगळाखाली माझा पत्रा आतल्या आत पांढरी भुकटी होत गेला. हे फक्त मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. प्रोपेलर होता, पण त्याने बोलता येत नाही.

पुढे शाळा बंद पडली. मी या शेडमध्ये आलो. टायरमधली हवा गेली, काचांवर धूळ साचली. पाखरांनी इंजिनाशेजारी घरटं केलं. त्यांची पिल्लं मोठी होऊन माझ्यातून उडाली. त्या वर्षी माझ्यातून झालेली उड्डाणं तेवढीच.

मग मामा आले. मामा कोणाचे मामा होते हे कोणालाच माहीत नव्हतं, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांनी मला असा चकचकीत रंग दिला की माझं प्रतिबिंब पाहून मलाच वाटलं, हा गृहस्थ काहीतरी लपवतो आहे.

गिऱ्हाइकं येऊ लागली. एकाने गाणी कशावर लावायची ते विचारलं. एकाने पंखाला टेकून फोटो काढून घेतले आणि गेला. एका हॉटेलवाल्याने टेप लावून माझी मापं घेतली. त्याला मला गच्चीवर ठेवून आत टेबलं मांडायची होती. कोणी शेपटीकडे फिरकलं नाही. मित्रांनो, मला उडायचं होतं, पण त्या शेपटीने कोणाला घेऊन उडायचं नव्हतं. सगळी दुनिया भोळं गिऱ्हाईक शोधते. मी संशयी गिऱ्हाइकाची वाट बघत होतो.

तशात त्या बाई आल्या. बाईंकडे वैमानिकाचं लायसन होतं, पण विमान नव्हतं. त्यांच्या पुंजीत एकतर माझ्यासारखं म्हातारं विमान येत होतं, नाहीतर नव्या विमानाची चाकं. गुडघे आणि डोळे साथ देताहेत तोवरच उडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बरोबर त्यांचे यजमान होते. ते विमा कंपनीचे सर्व्हेअर. अपघात झालेल्या मोटारी तपासून मालक खोटं कुठे बोलतोय ते शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मला पहिल्यांदाच कोणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं.

हॉटेलवाला संध्याकाळी पैसे घेऊन येणार आहे, असं मामांनी जाता जाता सांगितलं. हे मात्र खरं होतं. मामा खरं बोलले की मला धडकी भरते.

बाई आत बसून एकेक खटका तपासू लागल्या. सर्व्हेअरकाकांनी खिशातून चुंबक काढलं. मोटारीत रंगाखाली लोखंड असेल तर चुंबक चिकटतं. ठोकर लपवायला पुट्टी भरलेली असेल तिथे ते सुटून खाली पडतं. आयुष्यभराची सवय. त्यांनी ते पंखाला लावलं. पडलं. दाराला लावलं. पडलं. पोटाला, नाकाला, छताला, सगळीकडे पडलं. काकांचा चेहरा उतरला. ते खिडकीशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, खाली उतर. हे अख्खं विमान पुट्टीचं आहे."

बाईंनी खटक्यांवरची नजरही काढली नाही. "अहो, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. हे मी सातवीला शिकवते."

"म्हणजे हे जेवणाच्या डब्याचं आहे?"

"डब्याचं म्हणा."

काकांनी यावर थोडा विचार केला आणि ॲल्युमिनियमवरही संशय घ्यायचं ठरवलं. ते पुन्हा कामाला लागले. मामा त्यांच्या मागोमाग फिरत होते आणि साहेब, चहा घेऊया, असा आग्रह करत होते. काका शेपटीकडे वळले तेव्हा मामांचा चहाचा आग्रह एकदम वाढला. मी श्वास रोखला. तसा तो रोखलेलाच असतो.

खट्कन चुंबक चिकटलं.

काकांचा चेहरा खुलला. त्यांनी चुंबक ओढून पाहिलं, सोडून पाहिलं, पुन्हा चिकटवलं. इतक्या खोट्यात एक तरी जागा खरी निघाली, असं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं. त्यांनी बाईंना हाक मारली. "ये, बघ. एवढाच भाग अस्सल आहे. बाकी काय घ्यायचं ते नंतर ठरवू, हा तुकडा सोडायचा नाही."

बाई खाली उतरल्या. त्यांनी चुंबकाकडे पाहिलं, मग मामांकडे. ते मजबुतीसाठी मुद्दाम बसवलंय ताई, असं मामा म्हणाले. बाई गुडघ्यावर बसल्या, केसातली पिन काढली आणि ठिगळाच्या कडेला खुपसली. पिन लोण्यात जावी तशी आत गेली. बाहेर पांढरी भुकटी सांडली.

"अहो," बाई म्हणाल्या, "हीच जागा खोटी आहे."

मामांचा चहाचा आग्रह थांबला. मला वाटलं, आता हे दोघं निघून जाणार आणि संध्याकाळपासून माझ्या पोटात कोणीतरी सूप पिणार.

पण मित्रांनो, सर्व्हेअरकाका खुशीत होते. नुकसान न दिसणारी वस्तू पाहून ते हबकले होते. नुकसान दिसल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मामांना बाकावर बसवलं आणि इतक्या प्रेमाने प्रश्न विचारले की मामांनी न विचारलेल्या गोष्टीही सांगून टाकल्या. ठरलं ते असं: शेपटी मामांच्या खर्चाने, विमानाच्याच कारागिराकडून उघडायची. आत जे निघेल ते बाई स्वतः पाहतील. मगच सौदा. बाईंनी त्यात एक भर घातली: तोवर हॉटेलवाल्याने टेप घेऊन इकडे फिरकायचं नाही.

शेपटी उघडली तेव्हा आतल्या आधाराच्या दोन पट्ट्या बोटाने तुटल्या. हे तसंच उडालं असतं तर, एवढंच म्हणून कारागिराने बाईंकडे पाहिलं. काकांनी ते तुकडे रुमालात बांधून घेतले. पुढे शेपटी नवी झाली, सौदा झाला, आणि काकांनी बायकोच्या उडण्याला एकदाही विरोध केला नाही. फक्त प्रत्येक उड्डाणाआधी ते मला पूर्ण प्रदक्षिणा घालतात आणि वाकून वाकून संशय घेतात. मला कोणीही इतकं प्रेम दिलेलं नाही.

सबब, माननीय विमान वाहतूक खात्यास नम्र विनंती करण्यात येते की, यापुढे जुन्या विमानास गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी करण्याचा अधिकार देण्यात यावा. जे गिऱ्हाईक एकदाही खाली न वाकता पैसे देण्यास तयार होईल, त्यास 'उड्डाणास अयोग्य' असा शेरा मारून आवश्यक त्या दुरुस्तीसाठी त्याच्या घरी परत पाठवावे, आणि दुरुस्ती समाधानकारक झाल्याची खात्री विमानाने स्वतः केल्याखेरीज त्यास धावपट्टीवर सोडू नये.