लाल झालेलं नाव

मॅनेजर हा शब्द मोठा फसवा. सलिल नेवरेकरच्या केबिनवर पाटी होती, 'मॅनेजर, सप्लाय चेन सिस्टीम्स', आणि त्याची आई वासंतीबाई आल्यागेल्याला सांगायची की आमच्या सलिलच्या जिवावर अख्खी फॅक्टरी चालते. चालते कसली, डोंबल! रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या त्या कोळंबीच्या कारखान्यात सलिलच्या हाताखाली एक संध्या, दोन प्रिंटर आणि एक सदा रुसलेला जनरेटर, एवढाच पसारा होता. बाकी सगळ्या चाव्या मुंबईला.

काम मात्र बिनमहत्त्वाचं नव्हतं. २००५ च्या सुमारास परदेशातल्या गिऱ्हाइकांनी हट्टच धरला, की खोक्यातली कोळंबी कुठल्या बोटीने आणली ते आम्हाला कळलंच पाहिजे. मग पुण्याची नोकरी सोडून घरी परतलेल्या सलिलने ही सिस्टीम बसवली. बोट मिरकरवाड्याच्या जेटीवरून निघाली की कंपनीचा माणूस यंत्रात तिची नोंद करणार, परत आली की पुन्हा करणार. मग माल टेम्पोने कारखान्यात येणार आणि त्यावर त्या बोटीचं स्टिकर लागणार. जी बोट परत आल्याची नोंद नाही तिच्या नावाने माल आला, तर तो चोरीचा समजून सिस्टीम अडवणार आणि स्क्रीनवर त्या बोटीचं नाव लाल करणार. एकदा नाव लाल झालं की चौकशी होईपर्यंत तिच्या मालाला दार बंद आणि तिच्या नोंदीही गोठलेल्या.

हा शेवटचा नियम घालताना मुंबईहून विचारणा झाली होती, की बोट आली नाही पण तिचा माल आला, असं कधी घडतं का? सलिलने आपल्या मनाने उत्तर ठोकून दिलं नाही. नारळी पौर्णिमेला तो मुद्दाम जेटीवर गेला. तिथे कारखान्याला कोळंबी देणारा शिवा आपल्या बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावत होता आणि त्याची आई गोदूबाई नारळ घेऊन बाजूला उभी होती. गोदूबाई म्हणजे नेवरेकरांच्या घरची पिढीजात मासेवाली. सलिलला सुरमईचा काटा काढून खायला तिनेच शिकवलेलं.

सलिलने प्रश्न विचारला आणि गोदूबाईने बोटीकडे बघत कपाळाला हात लावला.

"बोट परत नाय आली, ही भाषा आज? आणि हिच्या तोंडावर? तुझ्या आयशीला सांगू काय, सलिलबाबा?"

शिवा ओशाळून हसला. "असला काय होत नाय, सायब. नाय म्हणून लिवा."

सलिलने 'नाही' लिहून पाठवलं आणि नियम पक्का झाला.

होत नाही कसं? दर हंगामात होत होतं! इंजिन भर समुद्रात बंद पडलं की जवळची बोट आधी मासळी आणि खलाशी उचलून घ्यायची, बंदर गाठायची, मासळी ज्याची त्याच्या नावाने विकायची आणि मग बंद बोट ओढून आणायला माघारी जायची. तोवर तिचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, तिच्यावर नांगर टाकून बसून राहायचा. सगळ्या मिरकरवाड्याला हे ठाऊक होतं. पण बोटीला ऐकू जाईल असं अभद्र सणाच्या दिवशी उच्चारायचं कोणी? म्हणून ते सगळ्यांना माहीत राहिलं आणि सिस्टीमला कोणी सांगितलंच नाही. यात शिवाची चूक काढावी तर जीभ रेटत नाही आणि सलिलची काढावी तर तो बिचारा विचारायला गेला होता.

दिवाळी उलटली आणि एका सकाळी शिवाचं इंजिन जयगडच्या समोर बंद पडलं. जवळ दादूची बोट होती. दादू म्हातारा तांडेल, अर्धं आयुष्य पाण्यावर काढलेला. त्याने रीतीप्रमाणे शिवाची कोळंबी घेतली, खलाशी घेतले आणि तो मिरकरवाड्याला आला. जेटीवरचं यंत्र शिवाचं नाव घेईना, म्हणून तो स्वतःच टेम्पोत बसून कारखान्यात आला. संध्याने मालाची नोंद घातली मात्र, स्क्रीनवर शिवाच्या बोटीचं नाव लालभडक झालं.

सलिल धावत खाली आला. दादूने सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्याला आपण लिहून पाठवलेलं 'नाही' आठवलं.

संध्या हुशार पोरगी. ती हळूच म्हणाली, "दादूकाका, तुमची बोट आल्याची नोंद आहे. हा माल तुमच्या नावावर घालते. शिवाला काय द्यायचं ते तुम्ही मागाहून द्या."

"दुसऱ्याच्या जाळ्यातली मासळी माझ्या नावावर?" दादू म्हणाला. "पोरी, उद्या बंदरात तोंड कुठे दाखवू मी? शिवाच्या नावाने आणली, शिवाच्याच नावाने घ्या. नि लवकर घ्या. मला परत जायचा हाय त्याला आणायला."

"तुम्ही जा, काका. माल मी बघतो," सलिल म्हणाला.

"असा कसा जाऊ? दुसऱ्याचा माल हातात घेतला की तो पोचता होईस्तोवर सोडायचा नाय. शिवाही माझी वाट बघत निवांत असंल. वारा नाय काय नाय."

"मग दहा मिनिटं थांबा. मुंबईला फोन करतो."

ही दहा मिनिटं सलिलला पुढे जन्मभर छळणार होती. त्याने मुंबईला भार्गवी मॅडमना फोन लावला. बाई स्वभावाने गोड. तिने सगळं ऐकून घेतलं, अरेरे म्हणाली आणि सांगितलं की लॉक काढायचा अधिकार तिलाही नाही, तो तपासणी समितीला आहे, आणि समितीतले एक साहेब मीटिंगमध्ये आहेत.

"मॅडम, माणूस समुद्रात बसलाय," सलिल म्हणाला.

"मला कळतंय हो. पण तुम्हीच 'असं घडत नाही' असं लेखी दिलंय ना?"

सलिलने फोन ठेवला. त्याला रडू आलं, पण केबिनच्या काचेतून खालची माणसं दिसत होती, म्हणून त्याने ते गिळलं. ही सिस्टीम त्याने बसवली होती, तिचा प्रत्येक नियम त्याला तोंडपाठ होता, आणि आता तिच्यापुढे त्याची किंमत दारावरच्या वॉचमनएवढीही नव्हती. वॉचमन निदान फाटक उघडू शकत होता.

तो दादूला पुन्हा म्हणाला, थोडं थांबा, होतंय. मग आणखी थोडं थांबा. शिकलेला माणूस म्हणतोय म्हणजे होत असेल, म्हणून दादू थांबला. टेम्पोखाली बर्फाच्या पाण्याचं थारोळं साचलं. कोळंबीची डोकी काळी पडायला लागली. कोणीतरी निरोप दिला म्हणून गोदूबाईही आली आणि फाटकाशी बसली. तिने सलिलला एवढंच विचारलं, "बाबा, तुझ्या हातात हाय ना रे?" तो हो म्हणाला. नाही म्हणायची छाती होती कुणाची?

दुपार झाली आणि आवारातल्या सुरूच्या झाडांचा आवाज बदलला. दादूने मान वर करून पाहिलं. वारा सुटला होता. तो कुणाशी काही न बोलता उठला, टेम्पोकडे एकदा बघितलं आणि चालायला लागला. दुसऱ्याची मासळी अशी पोचती न करता सोडायची त्याची पहिलीच वेळ असावी. फाटकापाशी पोचल्यावर तो पळायला लागला.

शिवा वाचला, हे आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. नांगराचा दोर तुटला, बोट वाहत मालगुंडच्या खडकाळ खडपावर गेली आणि आपटून आपटून तिच्या फळ्या झाल्या. शिवा पोहत किनाऱ्याला लागला. दादू त्या जागी पोचला तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं. समितीचा निरोप आला संध्याकाळी, की प्रकरण विचाराधीन आहे. कोळंबी तोवर खड्ड्यात पुरून झाली होती.

त्यानंतर सलिलने मुंबईला इतके फोन केले की तिकडची माणसं त्याचा आवाज ऐकून फोन दुसऱ्याकडे देऊ लागली. त्याने नियम बदलायची विनंती केली, ती पुढच्या वर्षीच्या सुधारणांत घेऊ म्हणाले. अखेर एक दिवस भार्गवी मॅडमचाच फोन आला.

"आनंदाची बातमी आहे. समितीने चौकशी मिटवली. आता तुमच्या बाजूने फक्त एक नोंद हवी, बोट बंदरात परत आल्याची. ती घातलीत की नाव आपोआप हिरवं होईल. हे तर तुमच्याच अधिकारात आहे."

"मॅडम, बोट फुटली. ती परत यायची नाही."

"तसा पर्याय सिस्टीममध्ये नाहीये हो. बाहेर किंवा परत, दोनच आहेत. नोंद नाही घातली तर नाव कायमचं लाल राहील, आणि मालकाने उद्या दुसरी बोट घेतली तरी तीही अडकेल."

म्हणजे इतक्या दिवसांनी सलिलच्या हातात एक गोष्ट आली होती, आणि तीही खोटी. पण शिवाला न विचारता त्याने ती करायची नाही असं ठरवलं. नोंदीचं छोटं यंत्र घेऊन तो मिरकरवाड्याला गेला. शिवा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला होता आणि त्या वेळी जेटीवर परक्याचं जाळं शिवत बसला होता. गोदूबाई मागच्या मासळीच्या शेडमध्ये आतल्या अंगाला होती. सलिलला बघून तिने पाठ फिरवली.

सलिलने सगळं समजावून सांगितलं. सांगताना त्याची त्यालाच लाज वाटत होती. "शिवा, मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही. पण हे दाबलं तर निदान तुझं नाव सुटेल. तू नको म्हणालास तर नाही दाबणार."

शिवाने हातातली सुई जाळ्यात खोचली. मग त्याने यंत्राकडे मान वळवली.

"त्यात काय लिवनार? परत आली म्हणून?"

"हो."

"लिवा, सायब," शिवा म्हणाला. "तुमच्या मशीनीत तरी येऊ दे ती घरी."

सलिलने बटण दाबलं. नाव हिरवं झालं, आणि आतून गोदूबाईचं रडणं ऐकू आलं.