पाहुण्यांची दोन तिकिटं

मी एक जुना तिकिटाचा पंच आहे, मित्रांनो, आणि माझा तुमच्यावर राग आहे. तुमच्यावर म्हणजे एकूण माणसांवरच. मी लोखंडाचा. गोड बोलणं मला जमत नाही.

कारखान्यात मला ठोकून, घासून घडवलं आणि संपत कंडक्टरच्या हाती दिलं. मंचरहून महाळुंगे पडवळला जाणाऱ्या एसटीत आम्ही दोघं वर्षानुवर्षं राबलो. दांड्यावर मला टकटक वाजवत संपत गर्दीतून वाट काढायचा, तिकीट फाडायचा आणि मी भोक पाडायचो. "पंच लई झ्याक हाय राव," असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. मूर्ख होतो.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात पुष्पा गाडीत चढली. महाळुंग्याचीच पोर, पुण्यात कॉलेजात शिकणारी. बरोबर परदेशातून आलेल्या तिच्या दोन मैत्रिणी. त्याही शिकणाऱ्याच, हातात पैसा बेताचा. पुष्पाने दहा ठिकाणी चौकशा करून त्यांच्यासाठी स्वस्तातला मार्ग शोधला होता. चार दिवसांचा एसटीचा पास. एकदा पैसे भरायचे आणि वाटेल तिथं हिंडायचं. जुन्नर, शिवनेरी, भीमाशंकर, सगळं त्यात बसणार होतं. त्यावर खर्चायला त्या पोरींकडे काही उरलं नव्हतं.

त्याच गाडीत पुष्पाचा चुलता भिमाजी बसला होता. संपतने पास बघून परत दिले मात्र, भिमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पास? अगं, पास शाळेची पोरं काढत्यात! सातासमुद्रापल्याडनं आलेलं पावणं, आन् सोताच्या पैशानं हिंडायचं? गाव माझ्या तोंडात शेण घालंल!"

"तात्या, पैसे भरून झालेत त्यांचे. आता एक पैसाही लागत नाही," पुष्पा म्हणाली.

"तू गप! संपतभाऊ, दोन फुल फाड. पावण्यांचं तिकीट मी काढणार."

"पास हाय त्यांच्याकडं. तिकीट न्हाई फाडता येत," संपत म्हणाला.

"पास हाय व्हय?" भिमाजीने पोरींच्या हातातून दोन्ही पास ओढले, टराटरा फाडले आणि खिडकीबाहेर भिरकावले. "आता न्हाई. फाड तिकीट!"

पाहुण्याचं तिकीट यजमानाने काढायचं, ही इथली रीत. त्यावरून होणारी ओढाताण मी रोज पाहायचो. पण असला माज कधी पाहिला नव्हता. संपतने खाली मान घालून दोन तिकिटं फाडली. भोकं मी पाडली. त्या दिवशी माझे दात पडले असते तर बरं झालं असतं!

भिमाजीचा मोठेपणा तेवढ्या वाटेपुरताच. पुढचं भाडं कोण काढणार होतं? तिसऱ्या दिवशी सकाळीच त्या पोरी आमच्याच गाडीने माघारी निघाल्या. ना शिवनेरी पाहिला, ना भीमाशंकर. पुष्पाचे डोळे रडून सुजले होते.

"दादा," ती संपतला म्हणाली, "ह्या सारख्या विचारतायत, तुझ्या काकांना आमचा एवढा राग का आला? काय सांगू मी यांना?"

संपतने घंटीची दोरी ओढली. पुष्पाने पुन्हा कुणा मैत्रिणीला गावी आणलं नाही.

पुढे तिकिटाचं यंत्र आलं. मला संपतने घरी नेऊन खिळ्यांच्या डब्यात टाकलं. अंगावर गंज चढलाय, पण मी तुमच्याकडे तेल मागत नाही. मित्रांनो, पाहुणा आला की त्याला काय हवं ते आधी विचारा. मान नंतर द्या.

भिमाजी अजून संपतच्या ओट्यावर येऊन बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो, "फॉरेनच्या पावण्यांचं तिकीट म्या काढलं व्हतं! त्या पोरी जल्मात इसरायच्या न्हाईत."

संपत मुकाट्याने चहा पुढे करतो. मला तोंड असून बोलता येत नाही. तुम्ही तरी त्याला एकदा सांगा.