आनंदाचा फाटका आवाज

अरे, तू ऐक तर आधी. हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारून पुकारून आनंदाचा घसा पार फाटलेला, म्हणून भजनात बुवा त्याला गाऊच देत नसत. मग त्याच्या मुंबईच्या भावाने रॉकची कॅसेट आणली. त्यातला गाणारा गिटारींच्या गोंगाटावर आवाज चढवायला पोटातून जोर लावून, घसा खरवडत गात होता. अगदी आनंदा होड्यांच्या इंजिनांच्या आवाजावर ओरडतो तसा. आपल्यासारखा कुणीतरी आहे असं मनातच म्हणायचा, पण हे सांगणार कुणाला? रोज एकटाच वाळूत जाऊन तसं गायचा. परवा बुवांनीच हाक मारली, "आनंदा, ये, बस आमच्यात. पण गायचं नाय हां, नुसते टाळ वाजव." सगळे सरकून जागा करत होते. त्याच्या जागी तू काय केलं असतंस, सांग?